कंपौंडरभाऊ आणि मॅट्रिकचा खोकला

कंपौंडरभाऊंकडे खोकल्याचं औषध मागितलं की ते आधी खोकून दाखवायला लावत. भर दवाखान्यात, बाकावरच्या सगळ्यांच्या देखत. कान तिरका करून ऐकत आणि निकाल देत, "हा ओला हाय. कफ बाहेर येऊ द्या, दाबू नका." नाहीतर, "हा कोरडा." मग कोरड्या खोकल्याचा माणूस आधी डॉक्टरांकडे पिटाळला जाई, छातीला नळी लावून घ्यायला. वर्ध्यात त्यांच्यासारखा खडूस माणूस दुसरा नव्हता आणि माझा जीव त्यांच्यावर फार होता.

बाटलीवर डोस मोजायला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवताना त्यांचं व्याख्यान चाले. "खोकला नुसता घशात नसते, त्याचा हुकूम डोक्यातून येते. तिथं एक चौकीदार बसला हाय. हे कोडीन त्याले डुलकी लावते. अफूच्या घरातलं लेकरू हाय ते. लहान पोराले देऊ नका, वरून दारू पिऊ नका." लोक माना डोलवत आणि घरी जाऊन मनाला येईल तसं पीत.

मीही त्यातलीच. बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेऊन आम्हाला दीडेक वर्ष झालं होतं, आणि आमच्या वस्तीतून मॅट्रिकला बसणारी मी पहिली मुलगी. बाबा जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलत. नापास झाले तर लग्न, हे घरात ठरलेलं. परीक्षा तोंडावर आली आणि तापानंतरचा कोरडा खोकला मानगुटीवर बसला. भाऊंनी बाटली दिली. "निजताना एक चमचा. पेपरच्या आधी थेंब नाई."

पण वर्गात खोकून हसं होईल या धास्तीनं पहिल्याच पेपरला निघताना मी बाटलीला तोंड लावलं. खोकला थांबला खरा. पण अर्ध्या पेपरात डोळा लागला. वेळ संपता संपता मास्तरांनी मला हलवून उठवलं तेव्हा उत्तरपत्रिकेवर माझी लाळ होती आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे.

मायला घेऊन रडत भाऊंकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "चमच्यानं का बाटलीनं?"

"बाटलीनं."

त्यांनी माझे डोळे पाहिले, श्वास मोजला, डॉक्टरांना दाखवलं. धोका नाही म्हटल्यावर मग माझी अशी हजेरी घेतली की माय मधे पडली. "पोरी, चौकीदार काय एकटाच निजते? अख्खं घर निजते. अन् जास्त प्यायलं तर श्वासही निजते, समजलं? तू खोकलत राह्यजो, पण जागी राह्यजो. एक पेपर गेला, बाकीचे हायेत ना?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ते स्वतः हेडमास्तरांकडे गेले. मला दाराजवळचा बाक मिळाला, कोमट पाण्याची बाटली आणि गालात ज्येष्ठमधाची काडी. औषध फक्त निजताना, मोजून एक चमचा, तेही मायच्या हातून. मी खोकले, भरपूर खोकले. पोरी हसल्या. हसू देत मेल्या. पण उरलेल्या पेपरांत एकही प्रश्न सोडला नाही.

निकालाच्या दिवशी बाबा वर्तमानपत्र घेऊन मला ओढतच दवाखान्यात आले. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि माझा धीर होत नव्हता. दवाखाना माणसांनी भरलेला. भाऊंनी चष्मा पुसला, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही माणसानं.

"वाचा ना भाऊ," बाबा म्हणाले.

"मी काऊन वाचू?" भाऊंनी पेपर माझ्यासमोर धरला. "मॅट्रिक पास बाई उभी हाय इथं. तिलेच सांगा वाचाले."

बाबांनी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. मी माझा नंबर वाचला. ते म्हणाले, अजून एकदा वाच. मी वाचला, बाकावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.