येशूची पडीत

दोन महिने इथे काही लिहिले नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुमच्यापैकी तिघाचौघांनी विचारले होते, काका, नवेगाव बांधला जायचे आहे, रस्ता कसा आहे, खायला काय मिळते, सांगा. मी आषाढात जाऊन आलो आणि लिहायला आता बसलो आहे. आधी कंबर धरली होती. नंतर एका बाईचा पत्ता शोधण्यात दिवस गेले. हे दोन्ही कसे घडले ते पुढे येईलच. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, मोबाइलवर एका बोटाने लिहितो. चूकभूल सांभाळून घ्या.

जायचे ठरले ते गोंदियात, आमच्या प्रार्थनामंदिरात. पाळकांनी त्या रविवारी प्रभूच्या पुन्हा येण्यावर उपदेश केला. शेवटी म्हणाले, "आज दुपारी, तुम्ही ताटावर बसायच्या आधी प्रभू आला, तर कोण कोण तयार आहे? हात वर करा." सगळ्यांचे हात वर गेले. माझ्या शेजारचे गृहस्थ दर रविवारी उपदेशात डुलकी काढतात, त्यांचाही गेला. माझा हात मात्र गुडघ्यावरून उठेना. घरी येऊन ताट वाढले आणि तसेच झाकून ठेवले.

तेवीस वर्षे झाली, मी प्रभुभोजनाची भाकर घेतलेली नाही. ताट समोर आले की शेजाऱ्याकडे सरकवतो. भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर आधी त्याच्याकडे जा, मग वेदीपाशी ये, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले. माझ्या धाकट्या भावाच्या, मनोहरच्या मनात काय आहे ते मला माहीत होते, आणि मी गेलो नव्हतो.

झाले असे होते. तेवीस वर्षांपूर्वी गोंदियात एक फिरते प्रचारक आले. यंदा धानाला लोंबी यायच्या आधी प्रभू येणार, असे त्यांनी ठासून सांगितले. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही हे मला पाठ होते, तरी मी मान डोलावली. त्याच आठवड्यात नवेगाव बांधला जाऊन मनोहरला म्हणालो, रोवणी करू नको, कापायला आपण इथे नसणार, हे दिवस प्रार्थनेत घालव. वडील गेल्यानंतर मीच त्यांच्या जागी होतो, त्याने ऐकले. त्याच्या शेजारी साराबाई नावाची विधवा राहायची, दोन लहान मुली होत्या तिला. तिनेही माझे ऐकून आपली बांधी तशीच ठेवली. बांधी म्हणजे धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा. रोपे वाफ्यातच पिवळी पडली, शेवटी शेळ्यांनी खाल्ली. दिवाळी आली, गावाचे धान कापून झाले. प्रभू आला नाही. मनोहर वर्षभर जंगलात बांबू तोडायला गेला. साराबाई मुलींना घेऊन छत्तीसगडकडे कामाला निघून गेली. मनोहरने मंदिर सोडले आणि माझ्याशी बोलणेही सोडले.

तेव्हा ठरवले की या आठवड्यातच जायचे. प्रभू केव्हाही येवो, मी मनोहरकडे जाऊन आलेलो असलो पाहिजे.

बुधवारी सकाळी सातची लाल बस धरली. मी साडेपाचलाच स्टँडवर होतो. गॅस बंद केला का ते पाहायला एकदा अर्ध्या वाटेतून परत गेलो, तरी साडेपाच. पंच्याहत्तर वर्षांवरच्यांना तिकीट लागत नाही, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. मी ते हातातच धरले होते. कंडक्टर जवळून गेला की पुढे करायचो. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "चाचा, कितनी बार दिखाओगे? फोटो आप ही का है, मान लिया!" सगळी बस हसली. मी कार्ड खिशात ठेवले आणि खिशावर हात ठेवून बसलो.

रस्ता गोरेगाववरून कोहमाऱ्याला जातो. तिथे मोठा हायवे ओलांडला की पुढे दोन्ही बाजूंना जंगल लागते. एकूण अडीच तास धरा. पावसाळ्यात काही ठिकाणी खड्डे आहेत, कंबर दुखत असेल तर मागच्या सीटवर बसू नका. कोहमाऱ्याला बस थोडी थांबते. तीस रुपयांत चहा आणि दोन आलूबोंडे मिळाले, बोंडे गरम होते. टपरीवरच्या बाईने विचारले, "पक्षी पाहाले जाऊन राहिले का बाबाजी? पक्षी तं थंडीत येतेत."

"भावाकडे चाललो."

"मंग फोन लावा, स्टँडवर घ्याले येईल."

"तो माझा फोन उचलत नाही."

"तरी जाऊन राहिले?"

"तरी."

तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि कागदावर आणखी एक बोंडा ठेवला. "खाऊन घ्या मंग. तिथं जेवन भेटते का नाई, काय भरोसा." त्याचे पैसे तिने घेतले नाहीत.

नवेगाव बांधला उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता. मनोहरच्या घरी त्याची बायको निर्मला दारात होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि एवढेच म्हणाली, "बांधीत हायेत, दादा." पाणी पिऊन मी पिशवी तिथेच ठेवली आणि शेताकडे निघालो. धुऱ्यावर पाय सरकतो, काठी न्या.

रोवणी चालली होती. आठ-दहा बाया ओळीने वाकून मागे मागे सरकत होत्या. मनोहर चिखलात उभा राहून रोपांच्या जुड्या फेकत होता. एका बाईने मान वर केली. "कोन व्हय हा म्हातारा?"

दुसरी म्हणाली, "मनोहरभाऊचा मोठा भाऊ नाई का, गोंद्याचा. येशूची पडीतवाला."

मी विचारले, "येशूची पडीत म्हणजे काय?"

"मालूम नाई तुमाले? ह्याच बांधीचं नाव हाये. ते एक साल पडीत रायली ना."

मी तिथेच थबकलो. त्यानंतर ती बांधी दरवर्षी रोवली गेली, दरवर्षी पिकली, पण नाव तेच राहिले. पडीत ठेवायला मी सांगितले होते आणि नाव प्रभूचे लागले. गावातली लेकरे ते नाव ऐकत मोठी झाली.

मनोहरने वर पाहिले नाही. "काऊन आलास? नवी तारीख घेऊन आला का?" बाया हसल्या.

मी चपला काढल्या, धोतर वर खोचले आणि आत उतरलो. पोटरीपर्यंत रुतलो. म्हणालो, "माफी मागायला आलो. तुला चुकीचे सांगितले. प्रभूच्या नावाने सांगितले, ते तर जास्तच वाईट."

तो सरळ उभा राहिला. अडुसष्टचा झाला आहे, केस सगळे पांढरे. "एक गोष्ट सांग मले. त्या साली मिलमधून सुट्टी टाकली होती का तू?"

मी तेव्हा राईस मिलमध्ये तोलाईच्या कामावर होतो. "नाही."

"एक दिवसाची?"

"नाही."

"मले म्हने रोवू नको. अन् तू सोमवारी मिलमंधी हजर! तुले तुझ्याच बोलन्यावर भरोसा नोहता, मंग माझं धान काऊन बुडवलं?"

बाया हसायच्या थांबल्या.  आजवर मला वाटायचे की माझी चूक झाली ती फार विश्वास ठेवण्याची. चिखलात उभे राहून कळले की तो विश्वास नव्हताच. मी म्हणालो, "खरे आहे. विश्वासाची परीक्षा मी तुझ्या बांधीत घेतली, माझ्या पगारात नाही घेतली."

तो जुड्यांकडे वळला. मग त्याने एक जुडी उचलून माझ्यापुढे फेकली. चिखल माझ्या तोंडावर उडाला.

"रोव मंग. येनार असल तो तं येऊ दे. पन बांधी रिकामी नाई दिसली पायजे त्याले."

मी वाकलो. तीन-चार काड्या घ्यायच्या, अंगठ्याने दाबायच्या, एक पाऊल मागे. लहानपणी येत होते, हात विसरला नव्हता, कंबर विसरली होती. मघाचीच बाई म्हणाली, "बाबाजी, तुमची ओळ गोंद्याले चालली का?" खरेच वाकडी गेली होती. एका जुडीला अर्धा तास लागला. मनोहर म्हणाला, "बस झालं, आता मराचा," तरी मी दुसरी मागून घेतली. इतकी वर्षे तयार राहायचे म्हणजे धुतलेले कपडे घालून दाराकडे पाहत बसायचे, असे मी समजत होतो. त्या दिवशी प्रभू आला असता तर माझे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले होते आणि मला त्याची लाज वाटली नसती.

दुपारी निर्मलाने गरम भात, लाखोळीची डाळ आणि गावच्या मोठ्या तळ्यातल्या मासोळीचा रस्सा वाढला. तुम्ही जाल तेव्हा तळ्याजवळच्या खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा, ताजी मासोळी मिळेल. तळे सकाळी सकाळी पाहा. पाळीवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून, चालायला मोकळी वाट आहे, पाण्यापलीकडे डोंगर दिसतात. अभयारण्याची फेरी पावसाळ्यात बंद असते आणि पक्ष्यांसाठी थंडीतच यावे लागते.

मुक्काम मनोहरकडेच केला. दुसऱ्या दिवशी तो मला स्टँडवर सोडायला आला. बस दिसल्यावर मी विचारले, कारण माझ्याच्याने राहवेना, "माफ केलेस का?"

"लिहून पायजे का तुले? ठप्पा मारून?" तो म्हणाला. मग पिशवी माझ्या हातात देत हळू आवाजात बोलला, "मी तं गावातच रायलो, पुढच्या साली बांधी रोवली. साराबाईनं तं गावच सोडलं. तिचं काय करशील?"

बसमध्ये या वेळी कार्ड एकदाच दाखवले. मन तिकडेच होते.

घरी आलो आणि आठ दिवस अंथरुणावर पडून होतो, कंबर हलेना. पण आता मनोहर फोन उचलतो. मागच्या आठवड्यात त्याने बांधीचा फोटो पाठवला. सगळे हिरवे झाले आहे आणि त्यात माझी वाकडी ओळ ओळखू येते. खाली लिहिले होते, तुझी ओळ बी लागली.

रविवारी प्रभुभोजनाचे ताट आले, मी पुढे सरकवले. पाळक नंतर म्हणाले, "काका, भाऊ तर भेटला. आता तरी घ्यायची."

"साराबाई राहिली," मी म्हणालो.

"आणि तोवर प्रभू आला तर?"

मी घाबरणारा माणूस आहे, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो. पण उत्तर ठरले आहे. आला तर मी तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर सापडेन. घरात बसलेला सापडणार नाही.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. साराबाई, मूळची नवेगाव बांधची, आता साठीच्या आसपास असेल. ठेंगणी, बोलताना पदर तोंडाशी धरायची. दोन मुली होत्या, मोठी उजव्या पायाने किंचित लंगडायची. राजनांदगाव, दुर्ग, रायपूर ह्या बाजूला कुठे तरी असेल. कोणी तिला ओळखत असेल, किंवा त्या मुलींपैकीच कोणी हे वाचत असेल, तर इथे खाली दोन ओळी लिहा. ती नसेल तर तसेही लिहा, मी मुलींकडे जाईन. तिकडे बसला तिकीट लागेल, लागू दे. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, आधार कार्ड वरच्या कप्प्यात आहे. फक्त लवकर कळवा.