नळी कुणी खाल्ली

जगात माझ्यावर सर्वांत जास्त अन्याय कुणी केला असेल, तर तो आमच्या थोरल्या साडूंनी. हे मी रागाने लिहितो आहे, आणि हा राग कमी व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. फौजेतून निवृत्त होऊन ते वडूजजवळच्या आपल्या गावी परतले, तेव्हापासून चिडणे हेच त्यांचे काम. चहात साखर जास्त पडली तर ते थेट साखर कारखान्यावर चिडतात. एसटी वेळेवर आली तर रोज का येत नाही म्हणून कंडक्टरला धारेवर धरतात. ताल चुकला म्हणून एकदा त्यांनी देवळातल्या भजनी मंडळाला रांगेत उभे केले होते, आणि सगळे टाळकरी मुकाट्याने उभेही राहिले.

या माणसाचा सगळा जीव एका बंदुकीत. पणजोबांपासून आलेली, रीतसर परवान्याची, ठासणीची बंदूक. तोंडातून दारू भरायची, वर चिंध्या कोंबायच्या, गजाने ठासायचे आणि बार काढायचा. दसऱ्याला देवीची पालखी शिवेवर पोचली की पहिला बार साडूंच्या घराण्याचा. तो वाजल्याशिवाय गावात कुणी कुणाला आपट्याचे पान देत नाही. बार साडूंनी काढायचा आणि नंतर नळी मी धुवायची, ही वाटणी त्यांनी माझ्या लग्नाच्या वर्षी मला न विचारता करून टाकली. मी सांगलीहून नवा सदरा घालून जायचो आणि परसात काळ्या पाण्याने माखायचो. उकळते पाणी ओता, गजाला फडके गुंडाळा, पाणी नितळ येईपर्यंत घासा, कोरडे करा, तेल द्या. साडू मागे हात बांधून उभे. “पाव्हणं, नळी हाय ती, चहाची किटली न्हवं,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की झोपेतही म्हणू शकेन.

धुतलेली बंदूक देवघराच्या कोपऱ्यात उभी केली की मेहुणी घटातले उगवलेले धान घेऊन यायच्या. आम्हा सगळ्यांच्या टोप्यांत तुरे खोवायच्या, पण साडू आपल्या टोपीला हात लावू देत नसत. बंदूक घरात थोरली, तिचा मान आधी, असे त्यांचे म्हणणे. मग मेहुणी चांगला जाड तुरा निवडून, मुळांच्या ओल्या मातीसकट, नळीच्या तोंडात बसवायच्या. देवीचा प्रसाद तो, दिवाळीपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

दिवाळी झाली की माझ्या फोनवर एक फोटो येई. तांबडा गंज लागलेले फडके. पाठोपाठ साडूंचा फोन. “तुमच्या हातानं नळी खाल्ली, पाव्हणं.” हे त्यांनी मला लग्नांत ऐकवले, बारशांत ऐकवले, एकदा तर सासऱ्यांच्या तेराव्याला पंगतीत ऐकवले. मी दुप्पट पाणी ओतू लागलो. तरी फोटो यायचाच.

गेल्या दिवाळीत गजच आत अडकला. नळी आतून इतकी खड्डे पडलेली निघाली की पुढचा बार काढणे म्हणजे हात गमावणे. नळी बदलली नाही तर घराण्याचा बार बंद. परवान्यातला नंबर नळीवर ठोकलेला, म्हणून ती बदलायच्या परवानगीसाठी साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीत खेपा झाल्या. गाडी माझी, पेट्रोल माझे आणि जातायेता शिव्या खाणाराही मीच.

अखेर कागद घेऊन आम्ही सांगलीच्या कारागिराकडे गेलो. त्याने नळी दस्त्यापासून सोडवली, तिचे बूड उघडले आणि आत बॅटरी मारली. बुडाशी मातीचा थर होता आणि त्यात केसाएवढे एक वाळके मूळ.

“धुण्यात कसूर न्हाई,” कारागीर म्हणाला. “वरनं ओल उतरलीया. ह्यात माती कोण घालतं?”

इतकी वर्षे मी याच निकालाची वाट पाहत होतो. मी तोंड उघडले, पण साडू माझ्या आधी बोलले.

“मीच घालतो,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे असे पाहिले की माझे तोंड आपोआप मिटले.

परतीच्या वाटेवर मी रागाने धुमसत होतो. साडू खिडकीबाहेर बघत म्हणाले, “घरी म्हणायचं, नळी जुनी हुती म्हणून गेली.”

यंदाच्या दसऱ्याला नव्या नळीचा बार झाला. परसात मी ती धुवायला बसलो. साडू मागे उभे होते, पण एक अक्षर बोलले नाहीत. मी मुद्दाम थोडे गार पाणी ओतून पाहिले, तरी नाही. मला ते अजिबात आवडले नाही.

बंदूक कोपऱ्यात उभी राहिली. मेहुणी तुरा घेऊन आल्या, तसे साडू मध्ये आडवे झाले.

“नवी हाय ती. तिला अजून मान न्हाई. हितं खोव,” असे म्हणून त्यांनी मान खाली घातली.

“आवं, कवा न्हाई ते,” म्हणत मेहुणींनी त्यांच्या टोपीत तुरा खोवला. त्यांना काहीच कळले नव्हते, पण चेहरा नव्या नवरीसारखा झाला होता. मुळांची ओली माती साडूंच्या कपाळावरून नाकापर्यंत ओघळली. टोपीवर धुळीचा कण खपवून न घेणारा तो माणूस ती न पुसता तसाच उभा राहिला.

माझी माफी त्यांनी अजून मागितलेली नाही. दिवाळीनंतर सवयीने मी फोन उघडून पाहिला. फोटो आलेला नव्हता.