दुसरी चाळणी बंद होती

एकोणीस वर्षं ती त्या स्टार्चच्या कारखान्यात वायरमनबाई म्हणून ओळखली जात होती. वीजविभागात दुसरी बाईच नव्हती, त्यामुळे नाव घेण्याची कुणाला गरज पडत नसे. कुठली मोटर सकाळी गार असताना कुरकुरते, कुठल्या पॅनेलचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही, हे ती डोळे मिटून सांगे. मग तिची धाकटी जाऊ त्याच कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागली आणि महिन्याभरात लोकांनी, घरच्यांसारखंच, दोघींना थोरली आणि धाकटी करून टाकलं.

"कानामागून आली आणि तिखट झाली," थोरली नवऱ्याला म्हणाली.

नवरा बुटाची नाडी सोडत होता. "तिखट कुठे? चांगली आहे की बिचारी."

दुखणं तेच होतं. धाकटी खरोखरच चांगली होती. हाताखालच्या माणसांशी नीट बोलायची, घरी आल्यावर न सांगता भांडी घासायला घ्यायची. सासूबाईंचे गुडघे अकरा वर्षं थोरलीने चोळले होते. धाकटीने एक फोन करून डॉक्टरची वेळ घेतली आणि सासूबाई दारात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटल्या, की धाकटीमुळे मी चालायला लागले. थोरलीची स्वतःची लेक गणित अडलं की वही घेऊन थेट काकूच्या खोलीत जाई. थोरली भिंतीच्या अलीकडून दोघींचं हसणं ऐके आणि भाजी जरा जास्तच जोरात चिरे.

धाकटी लागल्याच्या दुसऱ्या वर्षी विमा कंपनीचा तपासनीस कारखान्यात येऊन गेला. त्याने चाळणीच्या मजल्यावर कठड्यावरून बोट फिरवलं, पांढरं झालेलं बोट मॅनेजरना दाखवलं आणि म्हणाला, "ही एवढी बारीक धूळ हवेत उडाली आणि तिला ठिणगी मिळाली, तर दारूगोळ्यापेक्षा कमी नाही. तुमच्या या जुन्या घंटा काढा. अशा जागेत चालतील अशीच इशाऱ्याची साधनं लावा."

मॅनेजरनी दोघींना बोलावलं. "तुम्ही घरच्याच आहात. बसा, ठरवा आणि मला यादी द्या."

थोरलीकडे उत्तर तयार होतं. गॅसच्या खोलीत जाड लोखंडी कवचाचा एक भोंगा बारा वर्षं बिनतक्रार चालत होता. आत ठिणगी पडली तरी बाहेर येत नाही, असं त्याचं काम. तसलाच एक सुटा भोंगा गोदामात होता. तो तिने दोन्ही हातांनी उचलून आणला आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवला.

धाकटीने तो फिरवून त्याचं लेबल उजेडाकडे केलं. वाचायला तिला वेळ लागला नाही. "ताई, हा गॅससाठी आहे. धुळीचं प्रमाणपत्र नाहीये यावर."

"स्फोट तो स्फोट. धूळ काय आणि गॅस काय!"

"नाही ना. गॅसमध्ये ठिणगी आत कोंडली की भागतं. धूळ फटीतून आत शिरते, वरती थर साचतो, आणि कवच तापलं की तो थरच धुमसायला लागतो. आपल्याला धूळ अजिबात आत न घेणारा आणि बाहेरून न तापणारा भोंगा हवा. तसं लेबलवरच लिहिलेलं असतं."

"बघा," मॅनेजर खूश होऊन म्हणाले, "शिकलेलं माणूस असलं की असा फरक पडतो."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. भोंगा परत गोदामात नेताना तो तिला येतानापेक्षा दुप्पट जड लागला. त्या संध्याकाळी तिने गोदामातल्या जुन्या फायली काढून भोंग्याचा कागद शोधला, ओळीवर बोट ठेवून वाचला. धाकटीचं बरोबर होतं. चूक निघाली असती तर एकवेळ तिने माफ केलं असतं.

पुढच्या बुधवारी धाकटी आवाज मोजायचं यंत्र घेऊन मजल्यामजल्यावर फिरली. भोंगा ऐकू यायचा तर तो तिथल्या गोंगाटाच्या बराच वर हवा, म्हणून आधी गोंगाट किती ते बघायचं. थोरली सोबत होतीच. चाळणीच्या मजल्यावर खोलीएवढ्या दोन चाळण्या दिवसभर थडथडत. त्या दिवशी मात्र दुसरी बंद होती. जाळी बदलायची म्हणून सकाळीच तिचा फ्यूज काढून, कुणी चुकून चालू करू नये म्हणून थोरलीने पॅनेलला स्वतःच्या हाताने कुलूप घातलं होतं. किल्ली तिच्या खिशात होती. धाकटी उभी होती तिथून ती चाळणी मधल्या जाड पाइपाआड होती.

"अठ्ठ्याऐंशी डेसिबल," धाकटीने वहीत लिहिलं.

दोन्ही चालू असताना तिथे सत्त्याण्णव भरतं, हे थोरलीला माहीत होतं. चाळणीवरची दोन्ही माणसं तेव्हा कानांवर जाड कर्णरक्षक चढवतात, हेही.

"ताई, इथलं अजून काही लक्षात घ्यायला हवं का?"

खिशातली किल्ली थोरलीने बोटांनी उलटी केली. "मी काय सांगणार? शिकलेली तू आहेस."

धाकटीला ते लागलं असावं. वही मिटून ती पुढच्या मजल्याकडे निघाली. थोरली मूग गिळून मागोमाग गेली.

यादी झाली. पॅकिंगमध्ये भोंगा आणि दिवा, मालट्रक लागतात तिथे भोंगा आणि दिवा. चाळणीच्या मजल्यावर नुसता भोंगा, टोकाला उभं राहिलं तरी शंभर भरेल असा; अठ्ठ्याऐंशीच्या गोंगाटात तो सहज पुरला असता. प्रत्येक साधनाच्या लेबलवर धुळीचं प्रमाणपत्र होतं. दोन महिन्यांनी माल आला. थोरलीने सगळा आपल्या हाताने बसवला, केबल जिथे आत शिरते तिथली फट बुजवणारे धूळबंद ग्लँड घट्ट आवळले. कामात तिने कसूर केली नाही. तिचा राग कामावर नव्हता.

चाचणी सकाळी अकराला झाली. भोंगा वाजला, माणसं हातातलं टाकून फाटकाकडे आली. धाकटी यादीवर खुणा करत होती. चव्वेचाळीस हवे होते. तिने पुन्हा मोजलं. बेचाळीसच.

मॅनेजर तिच्याकडे बघत होते. धाकटीचे कान लाल झाले. आणि थोरलीला, खरं सांगायचं तर, गार वाटलं. गेल्या दोन वर्षांत असं गार वाटलं नव्हतं. पड आता तोंडावर, ती मनात म्हणाली.

"कोण राहिलं?" मॅनेजरनी विचारलं.

"चाळणीवरचे. पैलवान आणि काका."

पैलवान म्हणजे एक किडकिडीत माणूस. थट्टेनेच पडलेलं नाव. काका कारखान्यातले सगळ्यात जुने. कोण राहणार हे थोरलीला मोजणीच्या दिवसापासून माहीत होतं, पण नावं कानावर पडली आणि तिचे पाय आपोआप जिन्याकडे वळले.

जिन्यात भोंगा कानठळ्या बसवत होता. वरचं दार ढकलून ती आत गेली आणि तो आवाज दोन चाळण्यांनी गिळून टाकला. पैलवान पोती लावत होता. काका पाठमोरे, फावड्याने सांडलेला माल गोळा करत होते. तिने खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते वळले, एका कानावरचं कर्णरक्षक सरकवलं. त्यांच्या भुवया स्टार्चने पांढऱ्या झाल्या होत्या.

"काय, वायरमनबाई?"

"भोंगा झाला, काका! केव्हाचा वाजतोय!" तिला ओरडावं लागलं.

"हो का?" ते जराही घाबरले नाहीत. "म्हटलं, काही असलं तर तुम्ही याल सांगायला. नेहमी येता ना."

फावडं भिंतीला टेकवून ते निघाले. जिना उतरताना थोरलीने कठडा धरला, एरवी ती कधी धरत नसे.

खाली मॅनेजर सगळ्यांसमोर बोलत होते. एवढा खर्च, एवढे कागद, आणि माणसं वरच? धाकटीने एकच वाक्य म्हटलं, "जबाबदारी माझी आहे, सर." ना सबब सांगितली, ना कुणाकडे बघितलं.

अर्ध्या तासाने थोरलीने तिला केबलच्या खोलीत गाठलं. दार लोटून घेतलं.

"तू मोजलंस त्या दिवशी दुसरी चाळणी बंद होती."

धाकटीने वर बघितलं.

"कुलूप मीच घातलं होतं. मला माहीत होतं."

धाकटीने हातातली यादी खाली ठेवली. "ताई, घरात तुम्ही मला पाण्यात बघता ते मला कळतं. कळत नाही असं समजू नका. घरात काय वाट्टेल ते करा. बोलू नका माझ्याशी, भांडी आपटा. पण वर ते दोघं होते. आज खरंच पेट घेतला असता तर?"

"म्हणून तर सांगतेय."

"आज सांगताय!"

थोरलीला रडू आलं नाही. धाकटीलाच आलं, आणि तिने रागाने बाहीने डोळे पुसले. "माझंही चुकलं," ती म्हणाली. "सगळं चालू आहे का, हे मी विचारायलाच हवं होतं. यंत्र हातात आलं की मला वाटतं झालं."

दुसऱ्या दिवशी दोन्ही चाळण्या चालू ठेवून त्यांनी पुन्हा मोजलं. सत्त्याण्णव. याच्यावर भोंगा चढवायचा तर माणसांचे कान जायचे, आणि कान झाकलेल्यांना तरीही पुरेसा नाही. म्हणजे दिवा हवा. एका दिव्याने भागणार नाही, हे थोरलीने दाखवलं. तिने काकांचं फावडं घेतलं, ते उभे राहतात तिथे, ते वाकतात तशी वाकली आणि म्हणाली, "आता सांग, इथून काय दिसतं?" मधला धूळ ओढणारा जाडजूड पाइप अर्धी खोली झाकत होता. पाइपाच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवा ठरला.

"लाल," धाकटी म्हणाली.

"लाल नको. चाळणी भरली की तिच्यावरचा दिवा लालच लागतो. दिवसातून वीसदा. कोणी मान वर करत नाही."

धाकटीने क्षणभर विचार केला. "मग चाळणीवरचे दिवे पिवळे करू. लाल फक्त धोक्याला ठेवू. अख्ख्या कारखान्यात."

उत्तर बिनतोड होतं. हेही तिलाच सुचावं, थोरलीला वाटलं, आणि आतली जळजळ जिथे होती तिथेच असल्याचं तिच्या ध्यानात आलं.

दिवे बसल्यावर दुसऱ्या चाचणीत चव्वेचाळीस माणसं फाटकाशी आली. काका तिसरे होते.

धाकटीने अहवाल लिहिला. त्यात होतं, की वीजविभागातल्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी पहिल्या मोजणीतली उणीव दाखवून दिली आणि दिव्यांच्या जागा त्यांनीच ठरवल्या. खोटं एक अक्षर नव्हतं, आणि कुलपाबद्दल एक अक्षर नव्हतं. मॅनेजरनी थोरलीला बोलावून शाबासकी दिली. तिने ती उभ्या उभ्याच घेतली, जणू बाकीच्यांसमोर कोणी कानाखाली दिली होती.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. "धाकटीने सांगितलं हो मला, सगळं तुझ्यामुळे निभावलं म्हणून. स्वतःची चूक असून कशी मोकळेपणाने बोलते बघ. मोठं मन हो पोरीचं."

"हो," थोरली म्हणाली आणि हात धुवायला निघून गेली. नळ बराच वेळ चालू होता.

पुढच्या वर्षी पॅकिंगचं नवीन दालन बांधलं, तेव्हा इशाऱ्याच्या साधनांची यादी मॅनेजरनी एकट्या थोरलीला करायला सांगितली. तिने तीन रविवार घालवले. काम चालू असताना आवाज मोजला, प्रत्येक लेबलवरची अक्षरं वहीत उतरवली, माणसं कुठे उभी राहतात याच्या खुणा केल्या. मग सकाळच्या चहाला तिने तो कागद जेवणाच्या टेबलावर धाकटीपुढे सरकवला.

धाकटीने पेन्सिल घेतली. एके जागी थांबली. "ताई, हा ग्लँड या केबलला सैल होईल. धूळ आत जाईल."

थोरलीचा चेहरा पडला. समोर लेक बसली होती, तिनेही ऐकलं होतं.

"बाकी छान झालंय," धाकटी घाईने म्हणाली आणि कागद परत करू लागली.

थोरलीने तो घेतला नाही. "घाई करू नकोस. अजून बघ. नीट बघ."

धाकटीने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आणखी एक चूक निघाली. थोरलीला तीही झोंबली. तिने धाकटीच्या हातून पेन्सिल घेतली आणि दुरुस्ती स्वतःच केली.