जीपपुढचा माहूत

ड्रायव्हरचं निम्मं आयुष्य गाडी चालवण्यात जात नाही, गाडी उभी करून वाट बघण्यात जातं. साहेब आत, आपण बाहेर. कुणीतरी तंबाखू मळतं, कुणीतरी बोलायला लागतं आणि किस्से साठत जातात. मी साक्रीच्या पलीकडे एका जुन्या संस्थानात जीप चालवायला होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच आहेत. तिथले किस्से पुष्कळ. पण मला आठवतात ते सगळे एकाच माणसाचे, कारण त्या माणसावर मी इतकी वर्षं जळलो की त्याची एकेक गोष्ट पाठ झाली.

नाव उस्मानचाचा. हुद्दा, संस्थानचे माहूत.

हत्ती नव्हता.

*

म्हणजे एके काळी होता. कुठल्याशा जुन्या राजेसाहेबांनी हौसेनं हत्ती आणला आणि त्याच्याबरोबर माहूत. हत्ती गेला, दुसरा आला, तोही गेला. संस्थान विलीन झालं, तनखा बंद झाला. माहुताचा मान मात्र बंद झाला नाही, कारण तो बंद करायचा असतो हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आजोबांचा मान वडिलांकडे आला, वडिलांचा चाचांकडे. चाचा जन्मात हत्तीवर बसले नव्हते. वर्षभर एस.टी. स्टँडसमोर सायकलींची पंक्चरं काढायचे आणि दसऱ्याला पांढरा अंगरखा घालून, पितळी मुठीचा अंकुश घेऊन गढीच्या दरवाज्यात उभे राहायचे.

माझ्या पहिल्या दसऱ्याला मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी धुळ्याहून नवा आलेलो. सकाळपासून जीप धुतली, हूड काढलं, झेंडूच्या माळा लावल्या. खाकी ड्रेसला कडक इस्त्री. मिरवणूक गाडीची, गाडी माझ्या हातात, म्हणजे आजचा दिवस आपलाच, असं मी धरून चाललो होतो. राजेसाहेब येऊन मागं बसले. सगळं गाव त्यांना सरकार म्हणायचं. मी किल्ली फिरवायला हात घातला तर नाना कारभाऱ्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"थांब. चाचांनी सांगितल्याशिवाय हलायचं नाही."

चाचा सावकाश समोर आले. अंकुश बॉनेटला टेकवला आणि म्हणाले, "मैल."

हत्तीला चालायला सांगायचा हा शब्द. मी क्लच सोडला आणि त्यांच्या मागून चालायला लागलो.

सीमेवर शमीची पूजा झाली. पहिला विडा चाचांना. पहिला शेला चाचांना. मला विडा मिळाला तो बँडवाल्यांच्या नंतर.

*

माझी बायको सिंधू साक्रीकडचीच. एकदा गढीवर बायकांना बांगड्या भरायला बोलावलं होतं. ती नटूनथटून गेली आणि पाय आपटत परत आली.

"पहिल्या बांगड्या माहुतीणले," ती म्हणाली. "ड्रायव्हरनी बायको शे, हाई कोनले ठाऊक बी नही. बठ्ठा साल जीप चालाईसन काय भेटनं तुमले?"

मी म्हटलं, "पगार मिळतो की."

"पगार तं गुराख्याले बी भेटस," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

त्या दिवशीची भाकरी मला गेली नाही. स्टँडसमोरून जाताना चाचा टायरमध्ये हवा भरताना दिसले. हसून त्यांनी हात वर केला. माणूस हसला की मला जास्तच राग यायचा.

*

पुढच्या वर्षी जीपला नवा रंग दिला होता. धुळ्याला नेऊन, मी स्वतः गॅरेजात उभा राहून करून घेतलेला. दसऱ्याला चाचांनी अंकुश टेकवला तो जरा जोरात, आणि बॉनेटवर बोटभर लांब ओरखडा उठला.

मी संधीच शोधत होतो. दुसऱ्या दिवशी सरकारांपुढं उभा राहिलो. म्हटलं, "सरकार, नव्या रंगाची वाट लागली. चाचांना अंकुश लांबून धरायला सांगा."

सरकारांनी जीपला एक चक्कर मारली. ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"पूर्वी हा हत्तीला लागायचा, भिकन," ते म्हणाले. "हत्तीनं कधी तक्रार केली नाही."

*

मग चाचांचे गुडघे दुखायला लागले. मला वाटलं, आता सुटलो. जो चालू शकत नाही तो पुढं कसा चालणार?

दसऱ्याला बँड सुरू झाला, सरकार फेटा बांधून मागं बसले. मी माळ सरळ करायला खाली उतरलो होतो, तेवढ्यात चाचांनी माझ्या बाजूनं आत पाय टाकला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा ते दुरुस्त करायचे, चालवायचे नाहीत.

मी म्हटलं, "चाचा, हे माझं सीट आहे."

"भिकनभाऊ, माहूत गर्दन पे बैठता है," चाचा शांतपणे म्हणाले. "येच गर्दन है."

मी शेजारी बसायला तयार नाही, ते उठायला तयार नाहीत. बँडवाले तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवताहेत. ऑक्टोबरचं ऊन, सरकारांच्या फेट्याखालून घाम ओघळतोय. नाना कारभारी एकदा चाचांच्या कानाशी, एकदा माझ्या कानाशी. शेवटी सरकार बोलले.

"मान नेहमी पुढं असते. स्टिअरिंगच्या पुढं काय आहे?"

"बॉनेट," मी म्हटलं. आणि म्हटल्यावर कळलं की मी काय बोलून बसलो.

बॉनेटवर गादी टाकली. चाचांना दोघांनी वर चढवलं. त्यानंतर दसऱ्याच्या मिरवणुका मी चाचांच्या पाठीकडे बघतच चालवल्या. रस्ता दिसत नाही, माणसं दिसत नाहीत. काचेपलीकडं फक्त ती पाठ, आणि परतताना तिच्यावर नवा शेला, वाऱ्यानं माझ्याच काचेवर फडफडणारा.

एका वर्षी बाजारपेठेच्या कोपऱ्यावर मी ओरडून विचारलं, "चाचा, उजवीकडं जागा आहे का?"

"बहुत है," चाचा वरून म्हणाले.

मी वळवली आणि मारवाडी शेठच्या कापडदुकानाची ताडपत्री खांबासकट आमच्याबरोबर निघाली. शेठ धावत आले. सरकारांनी मला विचारलं, "वळायला कुणी सांगितलं?"

"माहुतानं," मी म्हटलं. आता तरी निकाल लागेल.

"मग ठीक आहे," सरकार म्हणाले, आणि शेठकडे वळून, "तुमच्या आजोबांच्या दुकानाची ताडपत्री आमच्या हत्तीनं नेली होती. पद्धतच आहे."

शेठला काय वाटलं कुणास ठाऊक. पुढं कित्येक दिवस ते गिऱ्हाइकांना हे कौतुकानं सांगायचे.

*

साक्रीच्या आठवडे बाजारात एकदा साधूंची टोळी हत्ती घेऊन आलेली दिसली. मी जीपमध्ये बसून बराच वेळ त्या हत्तीकडे बघत राहिलो. परत आल्यावर सरकारांना म्हटलं, "औंदा दसऱ्याला खरा हत्ती आणला तर?"

सरकारांचे डोळे लहान मुलासारखे चमकले. नाना कारभारी बोलणी करून आले. बातमी स्टँडवर पोचली त्या दिवशी चाचांनी दुकान लवकर बंद केलं. मला त्या रात्री छान झोप लागली.

दसऱ्याला हत्ती गढीपुढं आला. वर त्याचा स्वतःचा माहूत, एक तरणा साधू. चाचा समोर उभे राहिले. अंकुश त्यांनी उलटा धरला होता, मला दरवाज्यातून स्पष्ट दिसलं. हत्तीनं सोंड लांब करून त्यांचा खांदा हुंगला तेव्हा चाचांनी डोळे मिटले. मग वळले आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांवर लंगडत चालायला लागले. सीमेपर्यंत म्हणे एकदाही मागं बघितलं नाही. सगळं गाव म्हणालं, काय छाती आहे, हत्तीकडं पाठ करून चाललाय. मागं बघायची छातीच नव्हती, हे मला एकट्याला कळलं होतं. पण सांगणार कुणाला? हत्ती असताना जीप कोण काढतं? मी गढीतच होतो. जीपला त्या वर्षी हारसुद्धा नव्हता.

पुढचं मला सिंधूनं सांगितलं. शमीखाली आपट्याच्या पानांचा ढीग रचला होता, गावाला सोनं म्हणून वाटायला. पूजा चालू असताना हत्तीनं तो सगळा ढीग सावकाश खाऊन टाकला. भटजी मंत्र विसरले. माणसं रिकामे हात घेऊन उभी.

सरकारांनी हत्तीला हात जोडले. "एवढं सोनं आमच्या घराण्यानं आजवर कुणालाच दिलं नव्हतं," ते म्हणाले.

चाचांना त्या वर्षी दोन शेले मिळाले.

*

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी चाचांच्या मुलाचं, रफिकचं लग्न शिरपूरला ठरलं. मुलीचे वडील तिकडं एका जिनिंगमध्ये फिटर. वऱ्हाड आदल्या दिवशीच एस.टी.नं गेलं होतं. सरकारांना मी दुसऱ्या दिवशी जीपनं घेऊन गेलो आणि जीप मांडवाबाहेर लिंबाखाली लावली.

मांडवात सरकारांना पुढची खुर्ची दिली. मी त्यांच्या शेजारी उभा. चाचा सगळ्यांत चांगला शेला खांद्यावर टाकून पाहुण्यांत फिरत होते. मुलीचे वडील सरबताचा ट्रे घेऊन आमच्यापाशी आले. माणूस साधा, आनंदानं फुललेला. सरकारांना ग्लास दिला, मला दिला, आणि म्हणाले, "सरकार, आपने समधीजी को आज छुट्टी दी, बडी मेहरबानी. इतने साल आपकी गाडी चलाते हैं, बेटे की शादी में भी नहीं बैठते तो कब बैठते? हमने तो रिश्ताच इसलिए किया. पक्की नोकरी, इज्जतदार आदमी."

चाचा त्यांच्या मागंच उभे होते. हातातलं पान तसंच राहिलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

सरकारांचा ग्लास ओठांपाशी थांबला. तेही माझ्याकडं बघायला लागले.

"और आप, भाईसाब?" मुलीच्या वडिलांनी मला विचारलं. "आप सरकार के यहाँ क्या करते हैं?"

मी ग्लास खाली ठेवला. खिशातून जीपची किल्ली काढली आणि चाचांच्या हातात दिली.

"चाचा, तुमची किल्ली. आजच्यापुरती आणली नीट. हॉर्न जरा अडकतोय, उद्या बघून घ्या."

चाचांनी मूठ मिटली.

"मी माहूत," मी म्हटलं. "संस्थानचा."

"अरे वा. मतलब हाथी भी है?"

सरकारांनी सरबताचा घोट घेतला, रुमालानं मिशा पुसल्या.

"आहे ना," ते म्हणाले. "बाहेर लिंबाखाली उभा आहे."