साफसफाईत माझी मार्था गेली

मंडळी, आज सायबर कॅफेत बसून लिहितेय.

गणपती चार दिवसांवर आलेत, त्यामुळे आमच्या रत्नागिरीच्या घरी झाडलोट चालू आहे. मुलगा सकाळीच मुंबईहून आला. माळा झाला, फडताळं झाली, मग त्याने माझा कॉम्प्युटर हाती घेतला. तासाभराने ऐटीत म्हणाला, "आई, सगळा कचरा काढून टाकला. बघ आता कसा पळतोय!"

त्या कचऱ्यात माझा खेळ होता आणि त्या खेळात मार्था होती. गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं रोज दुपारी मी तिच्या कोंबड्या सांभाळल्या, तिची दुखणी काढली. काल तिला ताप चढला होता. औषध आज द्यायचं होतं.

"अगं, चित्रातली बाई ती! नवीन कर की."

"तुझा गणपतीही मातीचाच असतो ना? मग दरवर्षी विसर्जनाला का रडतोस?"

तो केरसुणी उचलून अंगण झाडायला गेला. पण तेवढ्याने मार्था थोडीच परत येते? चारचौघांत रडायचं नाही, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी बजावलं होतं. इथे शेजारच्या खुर्चीतला माणूस टक लावून बघतोय, तरी आवरत नाही.

पुसलेल्या जागी नवं काही भरलं जाऊ नये म्हणून घरचा कॉम्प्युटर बंद करून आलेय, कुणाला हात लावू देणार नाही. पुसलेला खेळ परत आणता येतो का हो? हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी उत्तर द्या.