भाकरी बंद, बाकी सगळं चालेल

सागरचा फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सागर माझा मामेभाऊ. कारेगावजवळच्या एका कंपनीत कंत्राटावर आहे. "ताई, आई गेली," तो म्हणाला. "पर शुगर तर नॉर्मल होती ना गं? मागच्याच महिन्यात रिपोर्ट काढलाय." होती. कलामामीची साखर अगदी नॉर्मल होती. तिच्या मरणात आमच्या घरानं मिरवावी अशी तेवढी एकच गोष्ट आहे, आणि तिचं श्रेय माझ्याकडे येतं.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. गेलेल्या मामीबद्दल लिहायचं तर तिच्या मायेबद्दल लिहावं, अशी रीत आहे. माया होतीच. पण मला तिच्या ताटाबद्दल लिहायचंय.

मी दौंडला बाबांच्या छापखान्यात वाढले. संपाची, हुंडाविरोधाची, धरणग्रस्तांची पत्रकं वाचतच अक्षरओळख झाली. बाबा सांगायचे, पत्रकात मागणी एकच ठेवावी, दोन ठेवल्या की लोकांच्या लक्षात एकही राहत नाही. सुट्टीत तळेगाव ढमढेऱ्याला मामाकडे जायचे तेव्हाही पिशवीत पत्रकं असायचीच. चौथी शिकलेली मामी ती ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायची. "बाये, तू छापलंस म्हंजी खरंच आसंल," म्हणायची. तिला मधुमेह होऊन खूप वर्षं झाली होती, गोळी चालू होती. तीनेक वर्षांपूर्वी साखर फारच वाढली म्हणून मी तिला शिरूरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. भाकरी, भात कमी करा, त्या जागी पालेभाजी भरपूर, मोडाची कडधान्यं, दही, अंडी घ्या. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-बारा हे जीवनसत्त्व कमी होतं, ते मधूनमधून तपासत जा. हे सगळं एका कागदावर लिहूनही दिलं. मला तो कागद पसरट वाटला. मी घरी येऊन त्याचं पत्रक केलं आणि ओट्याच्या वर भिंतीला चिकटवलं. वर लाल, ठसठशीत अक्षरांत 'भाकरी बंद'. खाली बारीक अक्षरांत 'बाकी सगळं चालेल'. डॉक्टरांचा कागद कुठं गेला ते आठवत नाही.

मामा ते वाचून हसले. "काय गं पुढारीण, आता माझ्या बायकूचा संप का?"

"संप तुमच्या तंबाकूचा करायला पायजे," मामी म्हणाली, "पर तुम्हाला कोण लिहून देतंय?"

बाकी सगळं तिच्या ताटात येतं का, हे मी कधी पाहिलं नाही. मामाच्या अर्ध्या एकरात मेथी-पालक असायचा. जुड्या बाजारात जायच्या, घरच्यांसाठी एक कढई भाजी व्हायची. आधी मामा, सागर, पाव्हणे, मग नातवंडं. मी शिकलेली, बाप्यांच्या बरोबरीची, म्हणून माझा पाट पहिल्या पंगतीला, आणि त्या मानाचा मला अभिमान होता. मामी आणि तिची सून रूपाली शेवटी बसायच्या. जन्मभर मामीनं भाकरीच्या तुकड्यानं कढई पुसून खाल्ली होती. तिच्या वाट्याची पालेभाजी म्हणजे कढईला चिकटलेली तेवढीच. मी भाकरी बंद केली आणि कढई पुसणंही बंद झालं. आमच्याकडे भाजीला कोरड्यास म्हणतात, ते भाकरीबरोबर खायचं असतं. जिची भाकरीच बंद, तिला कोरड्यास कशाला, असं घराला वाटलं... तिलाही वाटलं. दही नातवंडांना लागायचं. अंडं-मटण तिनं सागर पर्मनंट होईपर्यंत सोडलं होतं आणि कंपनीनं सागरला पर्मनंट केलं नाही. मग उरली काकडी, मूठभर शेंगदाणे आणि बिनसाखरेचा चहा. हे मला रूपालीनं सांगितलं, सगळं उरकल्यावर.

साखर उतरली. उपाशी माणसाची उतरणारच. मी तो रिपोर्ट फोनमध्ये घेऊन भेटेल त्याला दाखवत फिरले. आळीतल्या बायका म्हणायच्या, कलाबाई, पोरीवानी दिसाय लागलीस. "व्हय," मामी म्हणायची, "माझं झंपार मलाच दोनदा गुंडाळाय येतंय." मधूनच मला म्हणाली होती, "जीभ लय आगआग करती गं. आन् पाय जिमिनीला लागल्यागत वाटंना, कापसावर चालल्यावानी." मी म्हणाले, शरीराला सवय होतेय, नेट धर. तिनं धरला. तिला तेवढंच यायचं.

उसाच्या तोडलेल्या बुडख्यानं तिचा तळपाय चिरला, ते तिला कळलंच नाही. फरशीवर रक्ताची पावलं बघून रूपाली ओरडली तेव्हा मामी मागं वळून बघायला लागली, कुणाची म्हणून. हळद भरली, फडकं बांधलं. आठवड्यात पाय काळा पडला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तळव्याला टाचणी लावली आणि विचारलं, "कळतंय का मावशी?" मामीनं विचारलं, "हात लावलाय व्हय तुम्ही?" बाई माझ्याकडे वळल्या. साखरेनं नसा जातात, म्हणाल्या, पण यांच्या अंगात रक्तही नाही, बी-बारा कधी तपासलं होतं? खातात काय या? मामा पुढं झाले, छाती काढून. "डायट हाय तिचं. एकदम कडक." चौथ्या दिवशी विष रक्तात गेलं होतं. पाय कापायचा ठरला, पण तेवढी वाट तिनं पाहिली नाही.

तेराव्याला तिचं ताट वाढायचं होतं. त्या घरात तिचं ताट सगळ्यांच्या आधी वाढलं जाण्याचा हा पहिलाच दिवस. गुरुजींनी विचारलं, त्यांच्या आवडीचं काय करायचं? सागर मामांकडे बघायला लागला, मामा रूपालीकडे, रूपाली माझ्याकडे. कुणालाच माहीत नव्हतं. मोठ्या पातेल्यात मेथी तयार होती, मटकीची उसळ होती, दही होतं. मला तोंड उघडता आलं असतं. तेवढ्यात मामांना आठवलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"करपलेली भाकरी," ते म्हणाले. "तिला करपलेलीच आवडायची. चांगली भाकरी कवा उचललीच न्हाई तिनं."

रूपाली आत गेली. तिनं तव्यावर भाकरी टाकली आणि ती काळी पडेपर्यंत हात बांधून शेजारी उभी राहिली. ते ताट बाहेर नेऊन ठेवल्यावर पहिली पंगत बसली. मामांच्या शेजारी माझा पाट मांडला होता. मी बसले.