दाब कुठल्या तुकड्यावर

‘‘हितं दाब द्या!’’ म्हणत सर उजवी टाच फरशीवर आपटायचे. तासगावजवळच्या आमच्या हायस्कुलात ते इंग्रजी शिकवत. लांबलचक शब्द फळ्यावर लिहायचे, उसाची कांडी पाडावीत तसे उभ्या रेघांनी त्याचे तुकडे पाडायचे आणि जोराच्या तुकड्यावर टाच. एक्झॅमिनेशनमधल्या ‘शन’वर आम्ही पन्नास जण एकदम पाय आपटत असू. शेजारच्या वर्गातून गणिताचे मास्तर ओरडायचे, ‘‘आवं, भिंत पाडताय का काय?’’

तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील. सरांना कुणी इंग्रजी बोलून दाखवलं नव्हतं. सांगलीच्या जुन्या बाजारातल्या एका डिक्शनरीवर ते आपले आपणच शिकले. तिची सुरुवातीची पानं फाटलेली होती. त्यांच्याच शिकवण्यावर मी मॅट्रिक झालो, आमच्या घराण्यात पहिला.

सांगलीच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात धडा वाचायला उभा राहिलो. माझे ‘शन’ ऐकून वर्ग हसला, प्राध्यापकही हसले. पुढे लायब्ररीत तीच डिक्शनरी मिळाली, सगळ्या पानांसकट. सुरुवातीलाच लिहिलं होतं, की शब्दात छापलेली दाबाची खूण तिच्या आधीच्या तुकड्यासाठी असते. सरांनी ती पुढच्या तुकड्याची मानली होती. प्रत्येक शब्दात. वीस वर्षं.

दिवाळीत त्यांच्या ओसरीवर बसून मी हे सांगितलं. खोटं कशाला बोलू, थोडा तोराही होता.

‘‘समदेच चुकले?’’

‘‘बहुतेक सगळे, सर.’’

‘‘तुला हसली पोरं?’’

मी नाही म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

धाकट्या भावानं नंतर कळवलं. शाळा उघडल्यावर सरांनी अकरावीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गापुढं हात जोडले, ‘‘मी तुमाला चुकीचं शिकवलं.’’ हेडमास्तर समजावत होते, ‘‘आवं मास्तर, परीक्षा लेखी हाय. टाच कोण तपासतंय?’’ पण सरांनी इंग्रजी सोडलं, भूगोल घेतला. रस्त्यात ते दिसले की टारगट पोरं ‘शन!’ म्हणून पाय आपटायची. कुणी शब्द विचारला तर म्हणायचे, ‘‘दुसऱ्या कुणाला तरी इचार रं.’’

मी बी. ए. झालो त्या उन्हाळ्यात सर सांगलीच्या दवाखान्यात होते. पोटात गाठ होती. पाया पडून निकाल सांगितला. ‘‘लय ब्येस झालं,’’ म्हणाले. डॉक्टर येऊन गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. ओठ हलले, काहीतरी जुळवू लागले, थांबले. मग हलकेच विचारलं, ‘‘पोट कवा फाडणार रं?’’

‘‘परवा, सर.’’

ऑपरेशन हा शब्द त्या वॉर्डातल्या निरक्षर म्हाताऱ्यांच्याही तोंडी होता. सर तो न उच्चारताच आत गेले, आणि परत आले नाहीत.